ग्रीसची क्रूझ की लक्षद्वीप? बंदरावर उतरण्याचे नियम

ग्रीक बेटांच्या क्रूझला शेंगेन व्हिसा लागतो. जहाज मध्येच तुर्कीच्या कुशादासीला थांबून परत ग्रीसला येणार असेल, तर एकाच प्रवेशाचा व्हिसा चालत नाही; मल्टिपल एन्ट्रीचाच घ्या. एजंट हे आपणहून सांगेलच असं नाही.

नेरळकरांना जवळचं म्हणजे लक्षद्वीप. पनवेलहून नेत्रावती एक्स्प्रेसने एर्नाकुलम, मग कोचीहून जहाज. पासपोर्ट नको, पण प्रवेश परवाना आधीच काढावा लागतो. 'समुद्रम' सहलीत दिवसा कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय बघायचं, रात्री जहाजावर झोपायचं. जहाज बऱ्याचदा खोल पाण्यातच थांबतं, लहान बोटीत उतरावं लागतं. दादी-नानींना नेताना विचार करा. परतीच्या बोटीची वेळ आधी विचारा. तिथले लोक आपल्या कोकणी जमातीसारखेच शाफई. या मसलकात सफरीत जुहर-असर एकत्र पढता येते.