परदेशातील शिक्षण आणि सांस्कृतिक समायोजन : डॉ. आनंदीबाई जोशी

परदेशात शिकणाऱ्याने तेथील संस्कृतीशी किती जुळवून घ्यावे, हा प्रश्न महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकातच उभा राहिला. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक ठरते.

फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधील सेरामपूर येथील भाषणात त्यांनी हिंदू म्हणून जाण्याचा व हिंदू म्हणूनच परतण्याचा निर्धार प्रकट केला. त्याच वर्षी, वयाच्या अठराव्या वर्षी, त्या फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. तेथे शाकाहार त्यांनी सोडला नाही. नऊवारी लुगडे मात्र त्या हवामानात व समाजात अडचणीचे ठरल्याने त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. ज्या गोपाळरावांनी त्यांना शिक्षणासाठी धाडले, त्यांनाच हा बदल रुचला नाही. म्हणजेच समायोजनाचा ताण परक्या समाजाइतकाच स्वगृहातूनही येत होता. न्यू जर्सीतील थिओडिशिया कार्पेंटर यांना त्या 'मावशी' म्हणत. परकेपणावरील हा त्यांचा मराठी उपाय होय. पदवीसाठीचा प्रबंधही त्यांनी आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर लिहिला.

मार्च १८८६ मध्ये त्यांना पदवी मिळाली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत विसावल्या.

सारांश, समायोजन म्हणजे स्वत्वाचा त्याग नव्हे, तर काय राखावे व काय बदलावे याची विवेकपूर्ण निवड होय. मुकुटबनसारख्या गावातून परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला ही निवड करण्याचे स्वातंत्र्य प्रथम त्याच्या घराने व महाविद्यालयाने द्यावयास हवे.