इंजिन तेल, दुचाकीचे
दुचाकी व चौचाकी एटीव्हीच्या (खडबडीत जमिनीवर चालणाऱ्या गाडीच्या) इंजिनातील वंगण. बहुतेक मोटारसायकलींत व अनेक एटीव्हींत हेच तेल इंजिन, गिअरबॉक्स आणि तेलात बुडालेल्या क्लचप्लेटांना पुरते. मोटारीत गिअरबॉक्सचे तेल वेगळे असते. म्हणून मोटारीचे घर्षण कमी करणारे तेल दुचाकीत ओतले की क्लच घसरू शकतो. योग्य तेल ओळखता यावे म्हणून जपानमध्ये 1998 साली ‘जासो’ मानक आले: ओल्या क्लचला एमए, सुक्या क्लचच्या स्कूटरला एमबी.

‘10डब्ल्यू-30’ मधला पहिला आकडा थंडीतला, दुसरा 100 अंश सेल्सिअसचा दाटपणा दाखवतो. ठाणे, कल्याण-डोंबिवलीत कडाक्याची थंडी नसल्याने दुसरा आकडा महत्त्वाचा. शिळफाट्याच्या किंवा घोडबंदर रस्त्याच्या कोंडीत हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला वारा लागत नाही, तेल तापून पातळ होते. तरीही मनाने दाट तेल भरू नये. गाडीच्या पुस्तिकेतलाच दर्जा घ्यावा.

26 जुलै 2005 च्या पुरात उल्हास नदीकाठचा परिसर बुडाला होता. अशा पाण्यात बुडालेल्या गाडीला किक किंवा स्टार्टर मुळीच मारू नये. डिपस्टिकवर तेल दुधाळ, चहासारखे दिसले तर पाणी शिरले आहे. तेल व फिल्टर दोन्ही बदलावे लागतात, कधी दोनदा. काढलेले तेल गटारात ओतणे गैर आहे: 2016 च्या नियमांनुसार तो घातक कचरा असून अधिकृत पुनर्प्रक्रियाकाराकडेच जायला हवा.