लांकडी घोड्यांची चक्री आणि मंदिराचा सण

जर्मन भाषेंत जत्रेला 'किर्मेस' म्हणतात व डच भाषेंत 'केर्मिस'. ह्या शब्दांची फोड केली असतां 'मंदिर' आणि 'मिस्सा' हे दोनच शब्द हातीं लागतात. गांवच्या मंदिराचें अर्पण ज्या दिवशीं झालें, त्या दिवसाच्या वार्षिक मिस्सेला पंचक्रोशींतील लोक जमत. लोक जमले म्हणजे दुकानें लागत, आणि दुकानांमागून खेळ येत. उत्तर फ्रान्समध्यें व बेल्जममध्यें अशा जत्रेस 'द्यूकास' हें नांव आहे. तोहि 'अर्पण' ह्याच अर्थाच्या शब्दाचा अपभ्रंश होय.

हें सांगण्याचें कारण असें कीं, आमच्या धर्मग्रामाच्या महोत्सवांत मंदिरापुढील मैदानावर लांकडी घोड्यांची चक्री उभी करूं द्यावी कीं नाहीं, ह्याविषयीं कांहीं वडीलधाऱ्या मंडळींनीं शंका प्रदर्शित केली आहे. पवित्र स्थळाचें गांभीर्य राखिलें जावें, ही त्यांची कळकळ आम्हांस मान्य आहे. परंतु वांद्र्यास मोतमावलीच्या जत्रेंत ज्या चक्रीवर ह्याच मंडळींनीं बालपणीं हट्टानें फेऱ्या घेतल्या असतील, ती सणाच्या आवारांत उपरी आहे असें मानणें इतिहासास धरून होणार नाहीं.

पीटर मंडी नांवाचा इंग्रज प्रवासी, जो पुढें १६२८ मध्यें सुरतेस आला, तो १६२० मध्यें तुर्की अमलाखालील फिलिप्पोपोलिस नगरांत, म्हणजे आजच्या बल्गेरियांतील प्लोव्दिव्ह येथें होता. तेथें बैरामच्या सणांत त्यानें एक आडवें चाक पाहिलें. त्याच्या परिघावर आसनें लाविलेलीं असून त्यांवर मुलें बसून फिरत होतीं. म्हणजे तेथेंहि सण होताच.

घोडे मात्र रणांगणाच्या बाजूनें आले. 'कारुसेल' हें मूळचें घोडेस्वारांच्या खेळाचें नांव. ५ व ६ जून १६६२ रोजीं चौदाव्या लुई राजानें युवराजाच्या जन्माप्रीत्यर्थ पॅरिस येथें मोठा कारुसेल भरविला. त्या जागेस आजहि 'प्लास द्यू कारुसेल' म्हणतात. रोमन, इराणी, तुर्क, हिंदी व अमेरिकन अशा वेषांचीं पांच पथकें होतीं. हिंदी पथकाचा नायक आंगियांचा ड्यूक होता, हें वाचून हंसूं येतें. भरधांव घोड्यावरून टांगलेलें कडें भाल्यानें टिपावयाचें, हा एक खेळ. तुर्काचें अथवा मूराचें बनावट मस्तक टिपावयाचें, हा दुसरा. हा दुसरा खेळ आम्हांस बोचतो. ह्या कसरतीच्या सरावासाठीं खांबाभोंवतीं फिरणाऱ्या तुळयांना लांकडी घोडे जोडूं लागले, आणि ते घोडे पुढें मुलांच्या हातीं आले. मस्तकें गळून गेलीं, कडें राहिलें.

माणसांनीं किंवा खेंचरानें ओढावयाची चक्री फार जड करतां येत नसे. १८६० नंतरच्या दशकांत इंग्लंडांत तिला वाफेचें यंत्र जोडलें गेलें. किंग्ज लिन येथें शेतीचीं यंत्रें करणाऱ्या फ्रेडरिक सॅव्हेजच्या कारखान्यांत मध्यभागीं यंत्र व वरती वाकडे दांडे बसवून घोडे खालींवर उसळतील अशी योजना झाली. घोड्यावर डाव्या बाजूनें चढावें हा स्वारीचा नियम असल्यामुळें इंग्लंडांतील चक्री घड्याळाच्या कांट्याप्रमाणें फिरते. युरोप खंडांत व अमेरिकेंत ती उलट फिरते, म्हणजे कडें पकडावयास उजवा हात बाहेरच्या बाजूस मोकळा राहतो. म्हणून अमेरिकन घोड्याची उजवी बाजू कोरीव कामानें भरलेली, तर आंतली डावी साधी असते.

हे घोडे करणारे कारागीर बहुधा परदेशांतून आलेले गरीब लोक. लिंडनच्या फळ्या सरसानें जोडून आंत पोकळ धड करावें, वर कोरावें, रंगवावें, शेंपटास खऱ्या घोड्याचे केंस लावावे, अशी त्यांची रीत होती. लिथुएनियाहून आलेला ज्यू कारागीर मार्कस इलियन्स ह्यानें ब्रुकलिनमध्यें चक्रीचे घोडे कोरले, तसेंच सिनॅगॉगांतील पवित्र कोनाड्याचें कामहि केलें. २००७ मध्यें न्यूयॉर्क येथें अशा ज्यू कारागिरांचे मंदिरांतील सिंह व जत्रेंतील घोडे एकत्र मांडून प्रदर्शन भरलें होतें. ज्या पटाशीनें देवाची सेवा केली, तीच पटाशी मुलांसाठीं चालवितांना त्या कारागिरांस कमीपणा वाटला नसावा.

१९२९ च्या आर्थिक मंदीनंतर हे कारखाने एकेक करून बंद पडले. पुढें ॲल्युमिनियमचे व फायबरग्लासचे घोडे आले, आणि जुन्या चक्रींतील घोडे सुटे करून लिलावांत विकले जाऊं लागले. श्रीमंताच्या दिवाणखान्यांत एकटा उभा असलेला घोडा सुंदर दिसतो खरा, पण त्यावर कोणी बसत नाहीं. उलट अमेरिकेंतील ओक ब्लफ्स ह्या, मेथॉडिस्ट बंधूंच्या उन्हाळी प्रार्थनामेळ्याभोंवतीं वाढलेल्या गांवीं १८७६ सालची चक्री अजून चालू आहे. तिला वीस घोडे आहेत, आणि फिरतां फिरतां पितळी कडें ओढून घेण्याची चाल तेथें मोडलेली नाहीं.

आमच्या मैदानावरील चक्रीस यंत्र नाहीं. दोन माणसें ती हातांनीं फिरवितात. मिस्सेच्या वेळीं ती थांबेल व शेवटची घंटा झाल्यावर सुरू होईल, हें चक्रीवाल्यानें कबूल केलें आहे. घोडे आठच आहेत. तरी पालकांनीं मुलांस रांगेंत उभें करावें, अशी विनंति आहे.