रुग्णालयं जास्त असली की रांग कमी होते का? वर्ध्याचं उदाहरण

वर्धा शहराच्या एका बाजूला सेवाग्राम, दुसऱ्या बाजूला सावंगी (मेघे). दोन्हीकडे वैद्यकीय महाविद्यालयाचं मोठं रुग्णालय आहे. शहरात सरकारी जिल्हा सामान्य रुग्णालयही आहे. इतके पर्याय असूनही रुग्णाला थांबावं का लागतं? समजून घेऊया.

ही स्पर्धा कशासाठी?
सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय १९६९ मध्ये सुरू झालं, सावंगीचं १९९० मध्ये. विद्यार्थी शिकवायचे तर रुग्ण लागतात. किती खाटा भरलेल्या आहेत, ओपीडीत किती रुग्ण येतात, हे महाविद्यालयाच्या मान्यतेसाठी पाहिलं जातं. त्यामुळे रुग्ण आपल्याकडे यावा, ही दोघांचीही गरज आहे.

सरकारी योजनेनं काय बदललं?
राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि पुढच्या वर्षी राज्यभर पोहोचली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळालं. या योजनेत उपचाराचे दर आधीच ठरलेले असतात. म्हणजे रुग्णालयांमध्ये बिलावरून चढाओढ होत नाही. उरतात डॉक्टर, सोयी आणि वेळ.

पण पैशांची अडचण दूर झाली की आजवर ऑपरेशन पुढे ढकलणारेही दवाखान्यात येतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. अशा निर्णयानंतर रांग वाढली, तर त्याचा अर्थ सेवा बिघडली असाच होत नाही. आधी घरी बसलेला रुग्ण आता रांगेत दिसतो.

रांग एकच असते का?
नाही. केसपेपर, ओपीडी, तपासण्या, योजनेची मंजुरी आणि ऑपरेशनची तारीख, अशा पाच वेगवेगळ्या रांगा असतात. खिडक्या वाढवल्या की पहिली रांग कमी होते. शेवटची मात्र सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर आणि आयसीयूतल्या खाटांवर ठरते. नुसत्या स्पर्धेनं भूलतज्ज्ञ वाढत नाहीत.

इंग्लंडमध्ये काय झालं?
तिथं २००६ पासून रुग्णाला रुग्णालय निवडायची मुभा मिळाली. दर ठरलेले होते. सोबत सरकारनं जादा निधी दिला, १८ आठवड्यांत उपचार सुरू करण्याचं लक्ष्य ठेवलं आणि प्रतीक्षेचे आकडे जाहीर केले. त्या काळात रांगा घटल्या, पण श्रेय एकट्या स्पर्धेचं नव्हतं.

आर्वी किंवा आष्टीहून निघालेला रुग्ण रुग्णालय निवडतो ते बहुतेकदा ओळखीच्यांच्या अनुभवावर. तारीख कुठे लवकर मिळेल हे आधी कळलं, तरच त्याच्या निवडीचा दबाव रुग्णालयावर येतो.

रुग्णानं काय करावं?
- रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत ठेवा.
- योजनेतल्या रुग्णालयात आधी आरोग्यमित्राला भेटा.
- ऑपरेशन तातडीचं नसेल, तर दोन्हीकडे तारीख विचारा.
- तातडीच्या वेळी फोनवरूनही मंजुरी घेता येते. ती रुग्णालयानं घ्यायची असते.
- योजनेची हेल्पलाइन : १५५३८८