विनामूल्य संकेतस्थळांचे आयुष्य
तुळजापूरची भवानी ही महाराष्ट्रातील असंख्य घराण्यांची कुलस्वामिनी. परगावी वा परदेशी स्थायिक झालेल्या एखाद्या कुटुंबाने कुलाचार, आरत्या व वाडवडिलांची छायाचित्रे विनामूल्य संकेतस्थळावर ठेवली, तरी ती जागा त्याच्या मालकीची नसते. सेवा देणाऱ्या कंपनीची मर्जी असेतोवरच ती टिकते.

१९९४ मध्ये सुरू झालेली ‘जिओसिटीज’ ही अशा सेवांतील सर्वांत गाजलेली. १९९९ मध्ये ‘याहू’ने ती साडेतीन अब्ज डॉलरहून अधिक किमतीला घेतली. जाहिरातींवर चालणाऱ्या या सेवेतून अपेक्षित उत्पन्न मात्र मिळाले नाही आणि २६ ऑक्टोबर २००९ रोजी, जपान वगळता, ती बंद झाली. भारतात घरोघरी पोहोचलेले ‘ऑर्कुट’ ३० सप्टेंबर २०१४ रोजी मिटले.

‘इंटरनेट आर्काइव्ह’ने जिओसिटीजची पुष्कळ पाने जतन केली, सर्व नव्हे. मराठी पानांची अडचण तर दुहेरी. युनिकोड रुळण्यापूर्वी ती निरनिराळ्या फाँटमध्ये लिहिली जात. तो फाँट संगणकावर नसेल, तर जतन केलेल्या प्रतीतही आरतीऐवजी रोमन अक्षरांची जत्रा दिसते!

आजच्या सेवाही याला अपवाद नाहीत. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते, त्यातील पत्रे व छायाचित्रांसह, काढून टाकण्याचे धोरण ‘गूगल’ने २०२३ मध्ये जाहीर केले. खातेदार निवर्तल्यास आणि परवलीचा शब्द कोणास ठाऊक नसल्यास वारसांना त्याचा पत्ताही लागत नाही.