आठशे वर्षांची वहिवाट

मराठवाड्यात जमिनीचा वाद निघाला की दोन प्रश्न विचारले जातात. मालकी कोणाची? आणि वहिवाट कोणाची? निजामाच्या राजवटीतून बाहेर पडलेल्या परभणी जिल्ह्यात इनामाच्या, देवस्थानाच्या, दर्ग्याच्या जमिनींनी हे दोन प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या जागते ठेवले. नाव एकाचे, नांगर दुसऱ्याचा, हे इथल्या कोर्टकचेऱ्यांना नवे नाही. जेरुसलेमच्या जुन्या शहरात, हेरोद दरवाजातून आत शिरताच एक भारतीय सराई आहे. तिची सारी वाटचाल या दोन प्रश्नांच्या मधल्या बांधावरून झाली आहे.

अरबीत तिला ‘अल-झाविया अल-हिंदिया’ म्हणतात. दारावरच्या पाटीवर ‘इंडियन हॉस्पिस’ असे नाव आहे. आवार सुमारे पावणेदोन एकरांचे. आत मशीद, यात्रेकरूंच्या खोल्या, झाडे आणि जमिनीखाली एक छोटी खोली. पंजाबातले चिश्ती संत बाबा फरीद इसवी सन १२०० च्या सुमारास येथे आले आणि याच खोलीत त्यांनी चाळीस दिवसांचा चिल्ला केला, असे परंपरा सांगते. सलाहुद्दीनने ११८७ मध्ये हे शहर क्रुसेडरांकडून परत घेतले होते. त्यानंतरचा हा काळ. बाबा गेले, पण हिंदुस्थानातून मक्केला जाणारे-येणारे त्यांच्या नावाने येथे उतरू लागले. कुणी जागा विकत घेतली, कुणी खोली बांधली, कुणी ती वक्फ केली. सतराव्या शतकात उस्मानी प्रवासी एवलिया चेलेबी याने शहरातल्या मोठ्या झावियांमध्ये, म्हणजे सुफी मठांमध्ये, हिची गणना केली.

परभणीकराला हे बाबा फरीद परके नाहीत. त्यांचे शिष्य दिल्लीचे निजामुद्दीन औलिया. निजामुद्दीनांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब चौदाव्या शतकात दौलताबादेला आले आणि खुलताबादेत विसावले. शेजारच्या नांदेडला गुरू ग्रंथसाहिबाचे पठण चालते, त्यात फरीदांची वाणी आहे आणि नामदेवांची ६१ पदेही. नामदेवांचे म्हणून ओळखले जाणारे नर्सी १९९९ मध्ये हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होते. जेरुसलेमच्या तळघरात बसलेला फकीर आणि आपल्या नर्सीचा शिंपी एकाच ग्रंथात शेजारी आहेत.

निजामाचा हात, खिलाफतीचा माणूस

डिसेंबर १९१७ मध्ये जनरल ॲलनबी जेरुसलेममध्ये आला आणि चारशे वर्षांची उस्मानी सत्ता संपली. पुढच्या सप्टेंबरात हैफा घेणाऱ्या घोडदळाच्या ब्रिगेडमध्ये जोधपूर आणि म्हैसूरबरोबर हैदराबाद संस्थानचे लान्सर्सही होते. ब्रिटिशांनी १९१७ च्या बाल्फोर जाहीरनाम्यात ज्यूंना ‘राष्ट्रीय घर’ कबूल केले होते आणि अरबांनाही आश्वासने दिली होती. एकाच शेताच्या दोन इसारपावत्या फाडाव्यात, तसा हा व्यवहार.

जेरुसलेमचे मुफ्ती हज अमीन अल-हुसैनी यांनी अल-अक्सा मशिदीच्या दुरुस्तीसाठी मदत मागायला माणसे हिंदुस्थानात पाठवली. हैदराबादचे निजाम मीर उस्मान अली खान यांनी देणगी दिली. परभणीचा शेतसारा ज्या राजवटीत जमा होत होता, तिच्याच राजाचा हात अल-अक्साच्या दुरुस्तीला लागला. याच भेटीगाठींत सराईच्या दुरवस्थेचा विषय निघाला आणि खिलाफत चळवळीच्या पुढाऱ्यांनी १९२४ मध्ये सहारनपूरचे नझीर हसन अन्सारी यांना तिचा कारभार पाहायला धाडले. त्यांनी तिथेच लग्न केले, पडझड झालेल्या इमारती सावरल्या आणि १९५१ मध्ये मृत्यू येईपर्यंत सराई सांभाळली. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेत लढणारे हिंदी सैनिक रजेवर येथे विश्रांतीला येत. त्या काळातल्या दोन इमारतींना ‘त्रावणकोर’ आणि ‘दिल्ली’ अशी नावे मिळाली.

दोन फाळण्या

१९४७ मध्ये पॅलेस्टाईनचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या विशेष समितीपुढे आला. भारताचे प्रतिनिधी सर अब्दुर रहमान होते. भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया यांनी फाळणीऐवजी संघराज्याचा आराखडा मांडला. आपल्या घराची वाटणी होत असतानाच दुसऱ्याच्या घराची वाटणी नको, असे सांगण्याची वेळ भारतावर आली. २९ नोव्हेंबरला फाळणीचा ठराव मंजूर झाला. भारताचे मत विरोधात पडले. मे १९४८ मध्ये इस्रायल स्थापन झाले, युद्ध पेटले आणि सुमारे सात लाख पॅलेस्टिनी बेघर झाले. जुन्या शहरातून ज्यू रहिवाशांनाही बाहेर पडावे लागले. त्याच वर्षी सप्टेंबरात पोलीस कारवाई होऊन हैदराबाद भारतात आले. परभणीची राजवट बदलली; सराईचीही बदलली. ती आता जॉर्डनच्या ताब्यातल्या शहरात होती. तिच्या आवारात पुढे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित मदत संस्थेच्या दवाखान्याला जागा मिळाली.

इथे वहिवाटीची मर्यादा दिसते. त्या वर्षी ज्यांची घरे गेली त्या अरबांची वहिवाट शतकांची होती. त्यांच्या नातवंडांकडे आज नुसत्या किल्ल्या आहेत. जुन्या शहरातल्या ज्यू वस्तीची वहिवाटही तेव्हा कुणाच्या कामी आली नाही. सराई वाचली ती तिऱ्हाइताची म्हणून. भांडणाऱ्या दोघांपैकी ती कुणाचीच नव्हती आणि तिच्या पाठीशी दूरचे एक स्वतंत्र राष्ट्र उभे होते.

तरी तिऱ्हाइतपण हे चिलखत नव्हे. जून १९६७ च्या सहा दिवसांच्या युद्धात सराईवर बॉम्ब पडले. नझीर यांच्यानंतर कारभार पाहणारे त्यांचे पुत्र मुनीर अन्सारी होरपळले. त्यांच्या आईचा, बहिणीचा आणि लहानग्या भाच्याचा जीव गेला. त्याच आठवड्यात गाझात संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतले भारतीय जवानही मारले गेले. ७ जूनला जुने शहर इस्रायलच्या हाती आले. मुनीर यांनी ढिगारे उपसले आणि सराई पुन्हा उभी केली. उस्मानी सत्तेपासून मोजली तर चौथी राजवट सुरू झाली होती. पाटी तीच राहिली.

शेवटच्या पानावरचे शहर

भारताने इस्रायलला १७ सप्टेंबर १९५० रोजी मान्यता दिली होती, पण पूर्ण राजनैतिक संबंध जुळायला २९ जानेवारी १९९२ उजाडला. मधली जवळपास चाळीस वर्षे इस्रायलची वाणिज्य वकिलात तेवढी होती, ती मुंबईत. १९८८ मध्ये भारताने पॅलेस्टाईन राष्ट्रालाही मान्यता दिली. ऑक्टोबर १९९१ मध्ये माद्रिदला दोन्ही बाजू एका टेबलाशी बसल्या आणि तीन महिन्यांत नरसिंह राव सरकारने तेल अवीवशी हात मिळवला. राव स्वतः हैदराबाद संस्थानातले, निजामविरोधी लढ्यातले. जेरुसलेमचे भांडण त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नसेल.

१३ सप्टेंबर १९९३ रोजी इस्रायलचे पंतप्रधान राबिन आणि पॅलेस्टिनी नेते अराफत यांनी ऑस्लो कराराच्या वेळी हस्तांदोलन केले. त्या कराराने जेरुसलेम, निर्वासित, वसाहती आणि सीमा असे अवघड विषय अखेरच्या बोलण्यांसाठी मागे ठेवले. वाटणीत सोपी शेते आधी वाटायची आणि विहिरीचे नंतर पाहू म्हणायचे, हे आपण गावोगाव पाहिले आहे. विहिरीवरच पुढे डोकी फुटतात. १९९५ मध्ये राबिन यांचा खून त्यांच्याच समाजातल्या एका कडव्या तरुणाने केला. पॅलेस्टिनी संघटनांचे आत्मघाती हल्ले आणि इस्रायली वसाहतींची वाढ, दोन्ही थांबले नाहीत. जुलै २००० मध्ये कॅम्प डेव्हिडला जेरुसलेमचे पान अखेर उघडले आणि बोलणी मोडली. २८ सप्टेंबरला इस्रायलचे विरोधी पक्षनेते एरियल शेरॉन अल-अक्साच्या आवारात गेले आणि पॅलेस्टिनींचा उठाव, दुसरा इंतिफादा, भडकला. ते आवार सराईपासून पायी काही मिनिटांवर आहे. वाटाघाटींच्या कागदावर जे शेवटचे कलम होते, ते सराईचा उंबरठा होते.

पुढे ॲनापोलिसची परिषद झाली, अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन केरी यांच्या मध्यस्थीची बोलणी झाली. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेने जेरुसलेमला इस्रायलची राजधानी म्हणून मान्यता दिली. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या हल्ल्यात सुमारे १२०० माणसे मारली गेली. त्यानंतरच्या युद्धात गाझात हजारोंच्या हजारो मेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये युद्धविराम लागू झाला. जेरुसलेमचे पान अजून शेवटीच आहे.

परभणीत या भांडणाच्या दोन्ही बाजू घराघरांत पोचलेल्या आहेत. इथला शेतकरी ‘इस्रायलची शेती’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात ठिबकच्या नळ्या असतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या छत्रपती संभाजीनगरमधील हिमायतबागेतल्या संशोधन केंद्रात भारत-इस्रायल सहकार्यातून केसर आंब्याचे केंद्र उभे राहिले आहे. आणि तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसात चादर चढवणाऱ्याला अल-अक्सा म्हणजे काय, हे कुणी सांगावे लागत नाही. नळी आणि चादर एकाच घरात सापडतात.

सराईलाही हे अवघड वाटत नाही. मुनीर अन्सारींना भारत सरकारने २०११ मध्ये प्रवासी भारतीय सन्मान दिला. ऑक्टोबर २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर इस्रायलच्या दौऱ्यावर असताना तिथे गेले आणि त्यांनी एका पाटीचे अनावरण केले. इस्रायलशी घट्ट मैत्री करणारे सरकार आणि पॅलेस्टिनी वस्तीत वाढलेले अन्सारी कुटुंब, दोघांनाही ती सराई आपली वाटते.

मालकीचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. वहिवाट मात्र रोज सिद्ध करावी लागते : दार उघडून, अंगण झाडून, आलेल्याला खोली देऊन. १९२४ पासून अन्सारींच्या घराने एवढेच केले आहे, आणि ते शंभर वर्षे केले आहे.