पुर्किन्ये पेशींचा शोध

लहान मेंदूच्या सालीत मोठ्या चेतापेशींची एकेरी रांग असते. त्यांना पुर्किन्ये पेशी म्हणतात. चालणे, लिहिणे, पेला ओठांपर्यंत नेणे अशा हालचालींचा मेळ राखण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. त्यांचे काम उलगडायला शतकाहून अधिक काळ लागला आणि दर टप्प्यावर नव्या तंत्राने वाट मोकळी केली.

लहान मेंदू काय करतो, याचा अंदाज या पेशी दिसण्याआधीच आला होता. फ्रान्समधील पिएर फ्लुराँ यांनी कबुतरांच्या लहान मेंदूचे थर क्रमाने काढून पाहिले. १८२४ मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा : पक्ष्याची हालचाल थांबत नाही, पण तिचा ताळमेळ सुटतो.

बोहेमियात जन्मलेले यान पुर्किन्ये ब्रेस्लाऊ येथे, म्हणजे आजच्या पोलंडमधील व्रोत्स्वाफमध्ये, प्राध्यापक होते. सुधारित भिंगांच्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना सुरईच्या आकाराच्या या पेशी दिसल्या. १८३७ मध्ये प्राग येथील शास्त्रज्ञांच्या संमेलनात त्यांनी त्यांचे वर्णन सादर केले. पेशींच्या बारीक शाखा कुठवर जातात, हे मात्र त्या काळी दिसणे शक्य नव्हते.

ती अडचण इटलीच्या कामिल्लो गॉल्जी यांनी १८७३ मध्ये दूर केली. पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये मुरवलेला ऊतीचा तुकडा सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवला, की मोजक्याच पेशी मुळापासून टोकापर्यंत काळ्या होतात आणि पिवळसर पार्श्वभूमीवर स्पष्ट उठून दिसतात. सगळ्याच पेशी रंगल्या असत्या, तर त्या गुंत्यातून एकही वेगळी काढता आली नसती.

स्पेनच्या सान्तियागो रामोन इ काहाल यांनी हीच पद्धत सुधारून पक्ष्यांचा लहान मेंदू तपासला. शेजारच्या पेशींचे तंतू पुर्किन्ये पेशींना वेटोळे घालतात, पण त्यांच्यात मिसळून जात नाहीत, असे त्यांना १८८८ मध्ये आढळले. मज्जासंस्था सुट्या पेशींची बनलेली आहे, या सिद्धान्ताला त्यामुळे भक्कम आधार मिळाला. गॉल्जींना तो अमान्य होता. तरीही १९०६ चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले.

या पेशी नेमका कोणता संदेश पाठवतात, हे विजेच्या सूक्ष्म नोंदींमुळे कळले. जपानच्या मासाओ इतो यांनी १९६० च्या दशकात दाखवून दिले, की त्यांचा संदेश पुढच्या पेशींना उद्दीपित करत नाही, आवर घालतो. लहान मेंदूच्या सालीतून बाहेर पडणारा सगळा संदेश याच पेशींमार्फत जातो.